साडेपाचचा भोंगा

फोन वैशालीचा होता. हिंजवडीहून निघालेली आमची कॅब पुलाखाली पाऊण तास एकाच जागी उभी होती. ड्रायव्हर इंजिन बंद करून खारे दाणे खात होता आणि मी हेडफोन घालून उद्याच्या मीटिंगची तयारी केल्याचं नाटक करत होते. वैशाली म्हणजे आमच्या शाळेच्या दिवसांतल्या बास्केटबॉल टीमची कॅप्टन. आता ती नाशिकला असते आणि फोन न करता फक्त मेसेज पाठवते, त्यामुळे स्क्रीनवर तिचं नाव दिसताच मी हेडफोन काढून फोन कानाला लावला. "सोनल, सूर्यवंशी सर गेले गं... दुपारी जेवून पडले, ते उठलेच नाहीत." मी काय बोलले ते आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की मी घड्याळ पाहिलं. साडेपाचला पाच मिनिटं कमी होती, आणि मैदानावर पोरी सरांची वाट बघत असतील असं मनात आलं. मग मात्र रडू आवरेना. ड्रायव्हरने काही न विचारता पाण्याची बाटली मागे दिली.

त्याला आता दीड महिना झाला. भगवान सूर्यवंशी हे नाव कुणी पेपरात वाचलं असण्याची शक्यता नाही. ते मूळचे लातूरकडचे, चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत उभा जन्म मशीनवर काढलेले गृहस्थ. कॉलेजात बास्केटबॉल खेळले होते, ते वेड नोकरीतही सुटलं नाही. संत तुकाराम नगरच्या मैदानावर त्यांनी आम्हा मुलींची टीम जमवली आणि आमच्या प्रॅक्टिसचं वेळापत्रक आपल्या शिफ्टवर बेतलं. फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात ते चाकणहून कंपनीच्या बसने थेट मैदानावर उतरायचे, हातात डबा तसाच. सेकंड शिफ्ट असेल तर प्रॅक्टिस पहाटे सहाला. त्यामुळे आमच्या घरोघरी आयांना सूर्यवंशी सरांची शिफ्ट पाठ होती. स्वतःच्या नवऱ्यांची नसेल एक वेळ. अंगाने बारीक, मिशी जाड, आणि डाव्या हाताचं मधलं बोट पेरभर कमी. ते बोट तरुणपणी प्रेस मशीनमध्ये गेलं होतं. भोंगा झाला होता, सगळ्यांनी काम थांबवलं होतं, आणि यांना घाई होती एक शेवटचा पार्ट काढायची.

म्हणून त्यांचा मैदानावरचा एक नियम काळ्या दगडावरची रेघ होता. मैदानाच्या मागच्या कंपनीचा भोंगा संध्याकाळी साडेपाचला व्हायचा. तो झाला की बॉल खाली. ज्या मुलीच्या हातात असेल तिने तो दोन्ही हातांनी जमिनीवर ठेवायचा, फेकायचा नाही, आणि सगळ्यांनी पाणी प्यायला जायचं. "भोंगा झाला की हात थांबला पाहिजे," ते म्हणायचे आणि ते अर्धं बोट आमच्यासमोर नाचवायचे. आम्ही चेष्टा करायचो, पण बॉल ठेवायचो.

माझं म्हणाल तर, मी टीममध्ये आले ती फक्त उंचीमुळे. आठवीत असताना मी वर्गातल्या सगळ्या मुलांपेक्षा उंच होते आणि गल्लीत मला 'शिडी' म्हणायचे. बास्केटखाली उभं राहायचं, बॉल आला की वर टाकायचा, एवढंच माझं काम. पण बॉल हातात आला की माझे हात बर्फ व्हायचे. समोर कुणी नसलं तरी मी तो घाईघाईने दुसऱ्या कुणाच्या तरी गळ्यात मारायची. लागोपाठ तीन मॅचमध्ये माझ्या नावावर एक पॉइंट नव्हता. वैशालीने सगळ्यांदेखत सांगितलं, "सर, हिला बसवा. आम्ही चौघीच खेळतोय." ती खोटं बोलत नव्हती. आणि बसवलं असतं तर माझा खेळच संपणार होता, कारण माझ्या वडिलांची, तात्यांची, अट तशी होती. आम्ही इथले जुने गाववाले. शेती गेली, तिच्या जागी भाड्याच्या खोल्या आल्या, पण तात्यांचा हिशोबी रोखठोकपणा शेतातलाच राहिला. "पहिल्या पाचात हायेस तवर खेळ," ते म्हणाले होते. "बाकावर बसायला घरी काय बाक कमी हायेत व्हय?" बसवलं त्या दिवसापासून मैदान बंद आणि क्लास सुरू. मला मैदान हवं होतं. ते कशासाठी, हे मला तेव्हा सांगता आलं नसतं. त्या एका जागी माझी उंची कुणाच्या तरी उपयोगाची होती, एवढं मात्र कळत होतं.

ही अट सरांना माझ्या आईकडून कळली असावी. पुढच्या मॅचआधी ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "आज तुला एक काम हाय. धा वेळा चुकवायचं."

"काय चुकवायचं?"

"बॉल. बास्केटवर टाकायचा आन् चुकवायचा. मोजून धा. कमी पडले तर मी इचारीन."

मला वाटलं, सरांच्या डोक्यावर परिणाम झाला. पण चुकवणं हे एकच काम मला चांगलं येत होतं, त्यामुळे मी निर्धास्त झाले. बॉल आला की टाकायची आणि मनात मोजायची. एक... दोन... पाच... सहावा जाळीतून खाली आला तेव्हा मी इतकी गोंधळले, की सरांकडे बघून कानच पकडले. मॅच संपल्यावर गेले आणि सांगितलं, "सर, नऊच झाले. दोन आत गेले." ते गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "मंजे काम अर्धवट राहिलं. उद्या लवकर ये." मी घरी उड्या मारत गेले, आणि वैशाली दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

मग आली ती मॅच. सेमीफायनल, आमच्याच मैदानावर. आई तात्यांना पहिल्यांदाच ओढून घेऊन आली होती. ते कुंपणापाशी हाताची घडी घालून उभे होते, जणू कुणी जागेची मोजणी करायला बोलावलंय. शेवटचं अर्धं मिनिट. आम्ही एका पॉइंटने मागे. वैशालीने दोघींना चकवलं आणि, काय मनात आलं कुणास ठाऊक, बॉल मला दिला. मी बास्केटच्या बरोब्बर खाली होते. समोर कुणी नाही. आणि आयुष्यात पहिल्यांदा मला तो बॉल कुणाच्या गळ्यात मारावासा वाटला नाही. मी हात वर नेले... आणि मागच्या कंपनीचा भोंगा झाला.

मी बॉल खाली ठेवला. दोन्ही हातांनी, हळूच, सरांनी शिकवला होता तसा. आणि पाणी प्यायला निघाले.

दोन पावलं टाकल्यावर माझ्या लक्षात आलं. तोवर समोरच्या टीमच्या मुलीने तो आयता मिळालेला बॉल उचलला होता आणि ती पळत सुटली होती. आम्ही हरलो. आधी कुणीतरी एक हसलं, मग सगळेच. वैशाली जमिनीवर बसून रडायला लागली. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. तात्या कुंपण ओलांडून आत येताना दिसले तेव्हा मी समजले, संपलं.

सर त्यांच्या आधी पोचले. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही, सरळ तात्यांना म्हणाले, "तात्या, चूक माझी हाय. मी सांगितलं तेच केलं पोरीनं."

"समदं गाव हसतंय, मास्तर."

"हसू द्या. एवढं पक्कं ऐकणारं पोरगं माझ्याकडं दुसरं न्हाई."

"म्हंजी आता बाकावर?"

"न्हाई. उद्या तिसऱ्या नंबरची मॅच हाय. पहिल्या पाचात हीच."

वैशालीने तोंड उघडलं होतं, ते सरांनी नुसत्या नजरेने बंद केलं. दुसऱ्या दिवशी मॅचआधी त्यांनी आम्हाला गोल उभं केलं. बराच वेळ ते अर्धं बोट चोळत राहिले. मग म्हणाले, "कंपनीचा नियम कंपनीत. हितं माझं चुकलं. आजपासून भोंगा झाला की जिच्या हातात बॉल, तिनं टाकायचा. कुठून का असंना. घाबरायचं न्हाई." ज्या नियमाची किंमत त्यांनी बोटाने मोजली होती, तो त्यांनी माझ्यासारख्या शिडीपायी उलटा केला. हे किती मोठं होतं ते कळायला मला पुढची बरीच वर्षं लागली. त्या दिवशी मात्र आम्ही फक्त भोंग्याची वाट पाहत होतो. तो झाला तेव्हा बॉल नेमका माझ्याच हातात, आणि मी अर्ध्या मैदानावर. टाकला. तो बास्केट, बोर्ड, कुंपण सगळ्यावरून जाऊन वडापावच्या गाडीवर पडला. पहिली हसली ती वैशाली. त्या मॅचमध्ये मी आठ पॉइंट केले, तिसरा नंबर आमचा आला, आणि घरी जाताना तात्यांनी विचारलं, "उद्याबी हाय का मॅच?"

पुढे ती मागची कंपनी हलली, शेड पडली, तिथे उंच टॉवर उभे राहिले. भोंगा बंद झाला. पण सर कसले ऐकतायत! साडेपाच झाले की ते स्वतःच तोंडाशी हात धरून "भों..." करायचे, असे, की टॉवरमधली कुत्री भुंकायला लागायची. निवृत्तीनंतर तर रोज संध्याकाळी, न चुकता. मागच्या दिवाळीत मी गेले होते, तेव्हा आरती नावाच्या एका लाजऱ्या, उंच मुलीकडे बोट दाखवून म्हणाले, "ही बघ, तुझीच गत. बॉल आला की पळायली. हिलाबी धा चुकवायचं काम दिलंय." मी धीर करून विचारलं, "सर, तेव्हा मला का नाही बसवलं?" ते म्हणाले, "आगं, माझं ऐकलं म्हणून तुला बसवलं असतं, तर बाकीच्यांनी माझं कशाला ऐकलं असतं?" आणि चहा मागवला. तीच आमची शेवटची भेट.

गेल्या रविवारी मैदानावर गेले. त्यांची निळी प्लास्टिकची खुर्ची पोरींनी होती तिथेच ठेवली आहे; वैशाली खास नाशिकहून आली होती आणि तीही त्या खुर्चीवर बसली नाही, शेजारी उभी राहिली. आम्ही दोघी थोडं खेळलो, धाप लागेपर्यंत, म्हणजे पाचच मिनिटं. साडेपाचच्या सुमारास हळूहळू सगळं मैदान शांत होत गेलं. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. बॉल माझ्या हातात होता. मला वाटलं, आता हे असंच राहणार... आणि मागून आवाज आला, आधी फाटका, मग भरलेला. "भों..." तोंडाशी हात धरून आरती उभी होती, लाजून लालबुंद झालेली.

मी टाकला. बॉल रिंगला लागून बाहेर आला.

"एक," आरती म्हणाली.