दिवाळखोरीला कमी पडलेले तीस रुपये

भवानीपूरचे दिगंबर परचुरे जन्मापासून कलकत्त्यातच वाढलेले. टाइपरायटर दुरुस्त करण्यात त्यांचा हात धरणारं डलहौसी चौकातल्या अख्ख्या कचेऱ्यांत कुणी नव्हतं; माणसं ओळखण्यात मात्र साफ कच्चे. एका दोस्ताला जामीन राहिले आणि १९५३ साली तो सगळं देणं यांच्या गळ्यात टाकून नागपूरला निघून गेला. शेरदिल खान हा काबुली सावकार दर एक तारखेला दारात ठाण मांडू लागला. किराणावाले पालबाबू भर रस्त्यात गाठू लागले. शेवटी जीव मेटाकुटीला येऊन परचुरे हायकोर्टाजवळच्या घोषाल वकिलांकडे गेले.

"मला दिवाळं काढायचंय."

घोषालबाबूंनी कागद चाळले. "एकूण देणं चारशे सत्तर. जमणार नाही. स्वतःहून अर्ज करायचा तर निदान पाचशेचं देणं हवं."

"म्हणजे मी पुरेसा बुडालेलो नाही?"

"कायद्याच्या नजरेत अजून गुडघाभर पाण्यात आहात. तीस रुपये उसने काढा. पण खोटं बोलून काढू नका, ती फसवणूक ठरेल."

घरी हे ऐकून त्यांच्या पत्नी श्यामलाबाईंनी पोळपाट बाजूला सारला. "एवढं तरी धड जमतंय का बघा!"

परचुरे दुसऱ्याच दिवशी निघाले. मराठी मंडळाच्या सेक्रेटरींनी विचारलं, "परत कधी द्याल?"

"देता येणार नाहीत. दिवाळखोर व्हायला एवढेच कमी पडताहेत."

सेक्रेटरींनी चहा पाजला आणि विषय बदलला. आणखी सहा घरी तेच झालं. आठवडाभरात बातमी भवानीपूरभर झाली आणि पालबाबू धापा टाकत आले. मागे एका गिऱ्हाइकाच्या दिवाळ्यात त्यांच्या हाती रुपयाला दोन आणे लागले होते.

"असं नका करू, परचुरेबाबू! साठ रुपये मी सोडले."

संध्याकाळी खान आला. "साहेब, कोर्टाचे खेटे कोण घालणार? सत्तर रुपये व्याज माफ. मुद्दल द्या, सावकाश द्या."

देणं तीनशे चाळीसवर आलं. घोषालबाबू भडकले. "वाढवायला पाठवलं होतं तुम्हाला! या गतीनं तुम्ही कधीच दिवाळखोर होणार नाही."

"चुकलंच," परचुरे ओशाळून म्हणाले. परतताना ट्राममध्ये मात्र त्यांना एकाएकी हसू फुटलं, ते काही केल्या आवरेना. कंडक्टरनं दोनदा तिकीट विचारलं.

महिना दहा रुपयांप्रमाणे पुढची जवळजवळ तीन वर्षं फेडण्यात गेली. शेवटचा हप्ता घेऊन खानानं श्यामलाबाईंच्या हाती मूठभर पिस्ते ठेवले आणि परचुऱ्यांना मिठी मारली. त्या दुपारी परचुरे कामावर गेलेच नाहीत. दार सताड उघडं टाकून ते चार वाजेपर्यंत गाढ झोपले.