अँजेलिनामावशीचा उजवा कान

अँजेलिनामावशीचा डावा कान ठार बहिरा होता आणि उजवा तिच्या मर्जीचा. म्हणजे शेजारच्या घरात दबक्या आवाजात चाललेलं भांडण तिला विहिरीवरून ऐकू यायचं, आणि "मावशी, आज लादी तू पूस" हे मी तिच्या नाकासमोर उभी राहून सांगितलं तरी यायचं नाही. डाव्या कानाचं खापर ती नवऱ्यावर फोडायची. इसिडोर एरवी सुतारकाम करायचा आणि लग्नसराईत बँडमध्ये मोठा ढोल वाजवायचा. लग्न झाल्यापासून तो रोजची तालीम आपल्या डाव्या अंगाला बसूनच करत आला, असं तिचं म्हणणं. लहानपणी कान फुटला असणार, असं डॉक्टरांनी सांगितलं तर म्हणाली, "डाक्तरला काय ठावं? तो आला व्हता आमच्या घरी नांदायला?"

अशा बाईला पाळणाघरात मदतनीस म्हणून घ्यायचं कोणाच्या डोक्यात आलं, ते मला अजून कळलेलं नाही. पण ज्यानं कोणी घेतलं त्याचं देव भलं करो. मावशी जाऊन बरीच वर्षं झाली, तरी एखादं तान्हं पोर रस्त्यात भोकाड पसरून रडायला लागलं की मला तिचीच आठवण येते.

बावन्न-त्रेपन्न सालची गोष्ट. मरोळच्या आसपास तेव्हा भातशेती होती, ताडाची झाडं होती आणि डोंगर पोखरून काढलेल्या दगडांच्या खाणी होत्या. खाणीत सोलापूरकडून आलेली वडार कुटुंबं राबायची. पुरुष सुरुंग लावून दगड पाडायचे, बायका उन्हात ओळीनं बसून त्याची खडी फोडायच्या, आणि तान्ही पोरं जवळच्या झाडाला बांधलेल्या झोळीत. अंधेरीच्या आमच्या महिला मंडळानं खाणमालकाचा पिच्छा पुरवून पत्र्याची एक शेड मिळवली आणि त्यात पाळणाघर काढलं. मी बालसंगोपनाचा वर्ग नुकताच पुरा केला होता, म्हणून मी झाले पाळणाघराची बाई. मावशी मरोळ गावातलीच. तिच्या शेताचा मोठा तुकडा लढाईच्या दिवसांत सरकारजमा झाला होता, पोरं हाताशी आली होती, आणि रिकामं बसणं तिच्या रक्तात नव्हतं.

सकाळी पोरांना न्हाऊ घालायचं, भुकटीचं दूध पाजायचं, खरजेला मलम लावायचं, दुपारी तांदळाची पेज भरवायची आणि उरलेल्या वेळात गाणी, खेळ. मी वर्गात शिकलेली बडबडगीतं म्हणायला लागले की मावशी तोंड वाकडं करायची. ती आपली मांडवातली लग्नाची गाणी म्हणायची, तीही खच्चून, कारण कमी ऐकू येणारं माणूस हळू गाऊच शकत नाही. पोरांना तीच आवडायची. माझं डोकं मात्र दुपारपर्यंत उठायचं. तापटपणा माझ्या माहेरचाच, पण मावशीवर ओरडून उपयोग नव्हता. ती डावा कान पुढं करायची.

त्या गोंगाटात एकच पोर गप्प असायचं, यल्लव्वाचा हनम्या. वर्ष उलटून गेलेलं पोर, पण मान धरण्यापलीकडे त्याची मजल गेली नव्हती. ठेवलं तिथं पडून राहायचं. डोळे उघडले तरी कशावर ठरायचे नाहीत. तोंडात घातलेलं दूध गालावरून ओघळायचं. यल्लव्वा मात्र कौतुकानं सांगायची, "माजं लेकरू लई गुणाचं हाय बाई, कवाच रडत न्हाई." एवढं बोलून ती त्याला चटईवर ठेवायची आणि पाटी-हातोडी घेऊन खाणीत उतरायची. मावशीचा जीव नेमका त्याच पोरावर जडला.

"कुंदाबाय," एक दिवस ती मला म्हणाली, "ह्याचं कान माझ्यावानी हाईत. त्याला ऐकू येत नाय, म्हणून रडत नाय."

"रडायला कान कशाला लागतात गं?"

मावशीला ते ऐकू गेलं नाही. दुसऱ्या दिवशी इसिडोर गळ्यात ढोल अडकवून शेडच्या दारात हजर झाला. मी हातानं नको नको करेपर्यंत मावशीनं मांडवात करतात तशी खूण केली आणि त्यानं सगळा जीव लावून टिपरू हाणलं. पत्रा थरथरला. झाडून सगळी पोरं किंचाळून उठली, एकानं माझ्या पदरावर कार्यक्रम उरकला, आणि सुरुंग चुकीच्या जागी उडाला असं वाटून खाणीचा मुकादम धावत आला. मी इसिडोरवर ओरडत होते, तो मान डोलावून आणखी जोरात वाजवत होता. बहुतेक त्याला वाटलं, मला आवडलं.

हनम्याची पापणी हलली. त्यानं सावकाश मान वळवली, ढोलाकडे क्षणभर पाहिलं आणि पुन्हा डोळे मिटले.

"ऐकलं! मेल्यानं ऐकलं!" मावशी नाचायलाच लागली. मी मात्र त्याला उचलून पापणी वर केली. शेडमध्ये अंधार, तरी त्याच्या डोळ्यातली बाहुली मोहरीच्या दाण्याएवढी बारीक. हे आम्हाला वर्गात शिकवलं होतं. पोर बहिरं नव्हतं, मंदही नव्हतं. त्याला अफू चारली जात होती.

संध्याकाळी यल्लव्वा आली तेव्हा मी सरळच विचारलं, "बाळगोळी देतेस याला?"

तिनं लपवलं नाही. कनवटीची पत्र्याची डबी काढून दाखवली. काळ्या मुगाएवढ्या गोळ्या. मग मी जी सुटले! विष आहे, आतडी वाळतील, एक दिवस उठायचाच नाही, आई आहेस का कोण आहेस, जे तोंडाला आलं ते बोलले. यल्लव्वानं सगळं ऐकून घेतलं. मग हनम्याला खांद्यावर टाकत ती म्हणाली, "ह्याच्या आदी रंगी व्हती. तिला कवा गोळी दिली न्हाई. लई हसायची. झोळीतनं उतरली, माज्या मागं मागं रांगत खाणीत आली. मला दिसलीच न्हाई. वरनं धोंडा आला." त्याचं डोकं सावरत म्हणाली, "निजलेलं पोर आईच्या मागं येत न्हाई, बाई."

एवढा वेळ मावशी उजवा कान तिच्याकडे करून बसली होती. ती उठली, दारापाशी गेली आणि चौकटीची रुंदी वितीनं मोजायला लागली.

दोन दिवसांनी इसिडोर पुन्हा आला, या खेपेला हत्यारं घेऊन. कुठल्याशा जुन्या दरवाजाची सागवानी फळी त्यानं चौकटीत जमिनीलगत आडवी ठोकली, तिच्यावर गुडघ्याच्या उंचीपर्यंत आणखी एक, आणि बाजूंना लोखंडी पट्ट्या मारल्या. त्यानंतर मंडळाच्या बायका नऊवारीचा काष्टा सावरत फळी ओलांडायच्या आणि येता-जाता एकदा तरी ठेचकाळून मला शिव्या घालायच्या. मावशीनं यल्लव्वाला फळीपाशी आणून उभं केलं.

"हलव."

यल्लव्वानं एका हातानं हलवली, मग दोन्ही हातांनी. दगड फोडणारे हात ते. फळी जागची हलली नाही.

"आता तुझं पोर खाणीत जायचं तर आधी ही फळी मोडंल, मंग मना मोडंल. गोळी बंद कर म्हणत नाय मी. अर्धी कर."

मंडळाच्या डॉक्टरीणबाईंनीही मला तेच सांगितलं होतं, की एकदम बंद केली तर पोराला सोसणार नाही, हळूहळू उतरवा. मुगाएवढी गोळी अर्धी झाली, मग पाव. हनम्याचे हाल झाले. घामानं भिजायचा, कुरकुरायचा, कण्हायचा, पोट धरायचा. मावशी त्याला उजव्या खांद्यावर घेऊन दिवसभर शेडमध्ये फेऱ्या मारायची. झोपडीत यल्लव्वाला त्याच्यापायी रात्रीची झोप नव्हती. एकदा खाणीच्या अलीकडच्या कडेला सुरुंग लावायचे होते, त्या दिवशी पोर पुन्हा ओंडक्यासारखं आलं. यल्लव्वानं भीतीनं अख्खी गोळी दिली होती. मी तोंड उघडणार तोच मावशीनं माझा दंड दाबला. यल्लव्वाचा हात धरून तिनं तो फळीवर ठेवला. "हलव," म्हणाली. यल्लव्वा रोज हलवून पाहायची, त्या दिवशीही पाहिली.

मग गावात चर्चचं फेस्त झालं आणि मावशीनं घरून फुगे आणले. फुगे म्हणजे त्यांच्याकडचे आंबवलेल्या पिठाचे तळलेले गोल गोळे. एक तिनं हनम्याच्या हातात दिला. त्यानं तो धरला, चोखला, पडला तर हात लांब करून पुन्हा घेतला. त्या पोरानं काही मागून घेतल्याचं आम्ही पहिल्यांदाच पाहत होतो. मी मावशीला मिठी मारली. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते तिच्या लुगड्याला पुसलं.

महिन्याभरात तो बसायला लागला, फरपटत रांगायलाही लागला. गोळी मोहरीएवढी झाली होती. पण तीही सुटेना, आणि मोकळ्या गळ्यानं तो अजून रडला नव्हता. मावशीला त्याचीच आस लागून राहिली होती. "पोर रडलं पायजे गो," ती म्हणायची. "माझी समदी कशी बोंबलायची!"

एका सकाळी यल्लव्वानं त्याला फळीच्या आत ठेवलं आणि नेहमीसारखी वळली. एरवी ती जाताना तो गुंगीत असायचा. त्या दिवशी डोळे टक्क उघडे होते. आई आपल्याला सोडून जाते, हे त्यानं तोवर कधी पाहिलंच नव्हतं. एक गुडघा ओढत तो दारापर्यंत गेला, फळी धरून अर्धवट उभा राहिला, आणि त्यानं जो टाहो फोडला, तो ऐकून माझ्या हातातलं दुधाचं पातेलं तसंच राहिलं.

यल्लव्वा खाणीच्या तोंडाशी पोचली होती. खाली हातोड्यांचा खणखणाट चालू होता. हनम्याचा असा आवाज तिनं जन्मात ऐकला नव्हता, पण हे कोणाचं पोर म्हणून तिनं इकडेतिकडे पाहिलं नाही. पाटी टाकली आणि धावत सुटली. तिचा चेहरा मला बघवेना. तिला वाटलं असणार, आलं, मागं आलं.

फळीपासून हातभर अंतरावर ती थबकली. हनम्या आतल्या बाजूला होता. नाक वाहतंय, तोंड लालबुंद, आणि दोन्ही हातांनी फळी बडवत तो तिच्याकडे बघून ओरडत होता. यल्लव्वा मटकन खालीच बसली.

"मला बोलावतंय," ती म्हणाली. हसत होती की रडत होती, देव जाणे. "बाई, मला बोलावतंय ओ!"

तिनं त्याचं नाक पुसलं, त्याच्यावरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडली. मग सवयीनं फळी एकदा हलवून पाहिली, कनवटीची डबी काढून माझ्या हातावर ठेवली आणि मागं वळून वळून बघत कामावर गेली.

मावशी पिंपातून पाणी काढत होती, डावा कान दाराकडे. घागर घेऊन वळली तर मी डोळे पुसतेय.

"काय झालं गो?"

"हनम्या रडला."

"कवा?" घागर तिनं आदळलीच. "आनी मना ऐकूच नाय आला?" एवढी धिप्पाड बाई लहान पोरासारखी ओठ काढून खाली बसली. "कसा रडला? करून दाखव."

मी अंधेरीच्या सभ्य घरातली मुलगी, इस्त्रीचं पातळ नेसलेली. उभी राहिले आणि "आँऽऽ" केलं. "मोठ्यानं!" ती म्हणाली. मी गळा काढला. त्याबरोबर शेडमधली सगळी पोरं सुरू झाली, आणि हनम्या सगळ्यांत वरच्या पट्टीत. मावशीनं झडप घालून त्याला उचललं.

तेवढ्यात खाणीतून यल्लव्वाची हाक आली, "हनम्याऽ, हाय रं मी!" हनम्यानं इकडून बेंबीच्या देठापासून उत्तर दिलं. पुन्हा हाक, पुन्हा उत्तर. असं तीन-चारदा झाल्यावर मुकादम तणतणत फळीपाशी आला.

"ए बाई, ते पोर गप्प कर! त्याच्या आईचं कामात लक्ष लागत नाही!"

मावशीनं गोड हसून डावा कान त्याच्याकडे केला. "काय म्हन्ता? मना ऐकू नाय येत."

तो आणखी ओरडला, हातवारे केले, शेवटी कपाळावर हात मारून निघून गेला. मावशी तिथंच उभी होती. हनम्या तिच्या उजव्या खांद्यावर होता, तोंड तिच्या कानाला लावून जिवाच्या आकांतानं रडत होता, आणि ती डोळे मिटून ऐकत होती.