न बोलता दाबलेलं बटण

माझ्या नाकावर राग असतो, असं बायको म्हणते. मी त्याला शिस्त म्हणतो. शेळगावात माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. शेतकऱ्यांच्या जळालेल्या मोटारी खोलायच्या आणि नवी तार भरून परत द्यायच्या, हा दिवसभराचा धंदा. पण सकाळी सातला, दुकान उघडायच्या आधी, मी रेडिओसमोर बसतो. परीक्षा देऊन सरकारी परवाना घेतलेले आम्ही सात हौशी रेडिओवाले बारामती-इंदापूर भागात विखुरलेले आहोत. खिशात मोबाईल असताना हे कशाला, असं लोक विचारतात. पूर्वी मी समजावत बसायचो, आता नुसता हसतो.

हा नाद लावला पणदऱ्याच्या तात्यांनी. ते साखर कारखान्यातून वायरमन म्हणून निवृत्त झालेले. घरी दोन म्हशी आणि गच्चीवर तीन अँटेना. आमच्याकडे ईदला शिरखुर्म्याला पहिले पाहुणे तेच असायचे. मी बोलायचा पहिला रेडिओ, हातात मावणारा सेट, घेतला तेव्हा मोठ्या कौतुकाने त्यांना दाखवायला नेला. रंगीत पडदा होता, टॉर्च होती, एफएमसुद्धा लागत होतं. तात्यांनी तो उलटासुलटा केला आणि वरच्या रबरी दांडीला बोट लावलं.

"ह्या बोटभर रबरानं शेळगावातनं टेकडी गाठायची? चमच्यानं हीर उपसाया निघालाय तुमी."

टेकडी म्हणजे बारामतीच्या बाहेरची, जिथे आमचा रिपीटर आहे. आपला क्षीण आवाज तो उंचावरून पकडतो आणि त्याच क्षणी जोरात पुढे फेकतो. त्यामुळे पणदऱ्याचं बोलणं शेळगावात ऐकू येतं, एरवी अजिबात येत नाही. पुढच्या आठवड्यात तात्या एसटीने आले, माझ्या गच्चीवर चढले आणि जुन्या बोअरच्या पाइपावर अँटेना उभी करून गेले. सेटही त्यांनीच बदलायला लावला. सेट कमी बटणांचा असावा, न बघता हाताला कळला पाहिजे, आणि बोलायचं बटण मोठं पाहिजे, एवढं त्यांचं म्हणणं. टॉर्चवाला सेट अजून दुकानात टॉर्च म्हणूनच वापरतो.

पहिला धडा मात्र वेगळाच होता. बटण दाबून सोडलं की रिपीटर क्षणभर उघडा राहतो, खर्र असा आवाज येतो आणि मग टक करून तो बंद होतो. ती खर्र म्हणजे आपण तिथवर पोचल्याची पावती. नवशिक्यांना तिची गंमत वाटते, ते न बोलताच बटण दाबत बसतात. तात्यांना हे बिलकूल खपत नसे. दुसऱ्याच्या दाराची कडी वाजवून पळून जाण्यातला हा प्रकार, असं ते म्हणायचे. दाबायचं तर आपला कॉलसाइन, म्हणजे परवान्यावर मिळालेली ओळखीची अक्षरं, सांगायचा, नाहीतर बोट आवरायचं.

सकाळी सातला रेडिओवर एकेकाचा कॉलसाइन पुकारून हजेरी तेच घ्यायचे. गेल्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. मी दवाखान्यात एकदा जाऊन आलो. मला बघून ते काहीतरी बोलायला धडपडले, नुसता घोगरा आवाज निघाला. मला ते सहन झालं नाही. पुन्हा गेलो नाही. ते घरी आले तेव्हाही गेलो नाही. हंगाम आहे, मोटारींचा ढीग पडलाय, असं स्वतःला सांगत राहिलो. मी भित्रेपणा केला, दुसरं काही नाही.

हजेरी माझ्याकडे आली. तात्यांचा कॉलसाइन मी यादीतून गाळला. जो बोलूच शकत नाही त्याला हाक मारून काय उपयोग, असा माझा हिशेब.

थोड्या दिवसांनी तो प्रकार सुरू झाला. बरोबर सातला, मी तोंड उघडायच्या आत, कोणीतरी बटण दाबून सोडायचं. खर्र, टक. पुढे एक शब्द नाही. आठवडाभर मी दम धरला आणि मग सुनावलं. कोण आहे हा बिनशिस्तीचा, बोलायची हिंमत नसेल तर सेट विकून टाक, असं रेडिओवर सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो. दुसऱ्या दिवशी सातला पुन्हा खर्र, टक.

मग मी टोनच बदलला. बोलताना आपला सेट आवाजासोबत एक बारीक सूर पाठवतो. रिपीटरला तो ओळखीचा वाटला तरच तो दार उघडतो; नुसतं ऐकायला मात्र तो सूर लागत नाही. टेकडीवर जाऊन मी सूर बदलून आलो आणि पाच जणांना फोन करून नवा आकडा कळवला. तात्यांना कळवायचं माझ्या डोक्यातही आलं नाही. दुसऱ्या दिवशी सातला शांतता. मी हजेरीतच म्हणालो, बघा, रोग गेला. आमच्या सातांतला डाळजचा गडी हसला. मीही हसलो.

पाचव्या दिवशी तात्यांच्या घरून काकूंचा फोन आला. रेडिओ बिघडलाय, जमलं तर बघून जा, एवढंच म्हणाल्या. आता टाळायला जागा नव्हती. अवजारांची पिशवी घेऊन पणदऱ्याला गेलो. तात्या खिडकीजवळ खुर्चीत बसले होते, डाव्या हाताशी त्यांचा जुना सेट. मी काय बिघडलंय म्हणून विचारलं.

"तुमचं समद्यांचं ऐकू येतंय की," काकू म्हणाल्या. "पर रोज सातला हे बटण दाबत्यात. तिकडनं खरखर आली की मंग च्या घेत्यात. चार दिस झालं, तिकडनं कायबी येत न्हाय. च्या तसाच निवतोय. सेटवर हात आपटत्यात."

कडी वाजवायची नाही हे मला ज्यांनी शिकवलं, ते आता तेवढंच करू शकत होते, आणि मी आतून खीळ ठोकून आलो होतो. माझी मला लाज वाटली. सेट हातात घेतला, नवा टोन भरला. रिपीटर उघडतोय का ते बघायला सवयीने बटण दाबलं आणि सोडलं. खर्र, टक. मान वर केली तर तात्यांनी डाव्या हाताचं बोट उगारलं होतं. कॉलसाइन न सांगता दाबलं होतं मी.

"तात्या, मी रेडिओवर जे बोललो, ते ऐकलंत तुम्ही?"

त्यांनी डोळे मिटले आणि उघडले. ऐकलं होतं. मी सेट त्यांच्या डाव्या हाताशी परत ठेवला. काकूच बोलल्या.

"तुमी रागं भरला न्हवं, त्या दिशी हे हसलं. एकाच बाजूनं, पर हसलं. दवाखान्यातनं आल्यापास्नं पयल्यांदा. मला वाटलं, चला, कुनालातरी ऐकू जातंय म्हनायचं."

दुसऱ्या दिवशी हजेरीच्या आधी मी सगळ्यांना सांगितलं की बटण कोणाचं होतं आणि बिनशिस्तीचा कोण होता. मग यादीत सगळ्यात वर तात्यांचा कॉलसाइन घेतला. नियमाप्रमाणे तो सांगायलाच हवा, आणि आता तो मी सांगतो. बटण सोडून थांबलो. माझी खर्र-टक झाली आणि मागोमाग पणदऱ्याहून तात्यांची. मग मी यादीतला पुढचा कॉलसाइन घेतला.

हजेरी संपवून मी दुकानाची किल्ली घेत होतो, तेवढ्यात काकूंचा फोन आला. चहा घेतला म्हणाल्या.