गहू वाढले

सुपातले गहू अर्धे निवडून झाले होते. दुकानातून आणलेले गहू. दाणा बारीक, सुरकुतलेला. सुमेधाकाकूंनी सूप बाजूला सारलं आणि सुनेला हाक मारली, "रुची, तूरडाळ वाढली गं. यादीत लिही."

रुचीचं माहेर मराठीच, पण ती लहानाची मोठी झाली भोपाळात. लग्नाला जेमतेम सहा महिने. ती हसून म्हणाली, "क्या आई, तुम्ही पण! डाळ बढ़ गई, तर मागवायची कशाला?"

काकूही हसल्या. "अगं वेडाबाई, वाढली म्हणजे संपली. अन्नपूर्णेच्या घरात धान्य संपलं असं म्हणत नाहीत..."

आणि बोलता बोलता त्या थांबल्याच.

तीस वर्षं काकूंच्या घरी जवळच्या सांवेर गावच्या शेतकरी बद्रीलालजींचे गहू येत होते. अक्षय्य तृतीयेला ते स्वतः दोन पोती उतरवायचे, आणि नव्या गव्हाची पहिली पोळी गुळासंगे खाल्ल्याशिवाय उंबरा ओलांडायचे नाहीत. यंदा माघात तिकडे युक्रेनमध्ये लढाई पेटली, त्या मुलुखातले गहू बंदरांतच अडकले, आणि बाहेरच्या देशांची नजर आपल्या गव्हाकडे वळली. सांवेरच्या खळ्यांवर व्यापाऱ्यांचे ट्रक येऊन उभे राहिले. कांडल्याला न्यायचं, तिथून जहाजात भरायचं.

चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला काकूंचे हात आंबेडाळीत असताना बद्रीलालजींचा फोन आला. तो रुचीनं घेतला.

"आई, विचारताहेत, घरात गहू आहेत का?"

"वाढलेत म्हणावं," काकू तिथूनच म्हणाल्या.

अक्षय्य तृतीया आली, पोती आली नाहीत. काकूंनी फोन लावला. "माल तो निकल गयो, काकीजी, वो बहूजी ने..." एवढंच बद्रीलालजी बोलले, तोवर काकूंचा पारा चढला होता. टीव्हीवर रोज गव्हाच्या तेजीची बातमी असायची. "वो लोग आपस में लड़ें, और आप हमें लूटें?"

"लूट?" म्हातारा हळूच म्हणाला. "तीस बरस में आज सुण्यो, काकीजी." आणि फोन बंद झाला.

दहाएक दिवसांनी सरकारनं गहू बाहेर पाठवणं थांबवलं. ती बातमी ऐकून काकू देवापुढे निरांजन लावताना म्हणाल्या होत्या, "बरं झालं, जिरली." देवापुढे! आता ते आठवून त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

"रुची," त्यांनी विचारलं, "त्या दिवशी तू त्यांना नक्की काय सांगितलंस?"

"वही, जे तुम्ही सांगितलं. गेहूँ बढ़ गए हैं. ते म्हणाले, पक्को? व्यापारी दारात उभा आहे, पण तुमचे दो कट्टे अलग रखे हैं. मी म्हटलं, हो हो, पक्का." रुचीचा चेहरा उतरला. "म्हणजे आई, गलती माझी झाली?"

"तू शब्दाला चुकलीस गं. मी माणसाला चुकले."

व्यापारी दारात असताना त्यानं आपली दोन पोती बाजूला ठेवली होती. ती आता कुठल्या देशात कुणाच्या ताटात गेली असतील. जाऊ देत, कुणाच्या तरी पोटाला लागली. पण आपण तोंडातून काढलेला शब्द कुठल्या सरकारनं थांबवायचा होता?

"फोन लावून देऊ?" रुचीनं विचारलं.

"फोनवर अपमान केला, तेवढा पुरे. माफी समोर उभं राहून मागायची. दार उघडतील की नाही, देव जाणे."

काकूंनी अर्धवट सूप तसंच झाकलं, हात धुतले, पदर सारखा केला. पिशवीत गुळाची ढेप घातली. अकराची सांवेरची बस धरायची होती.