मेहुण्यावरची चौकी

रुपरावांच्या जवानांना कुणी 'बाहुले' म्हटलं, तर त्या माणसाला त्यांच्या घरी चहा मिळत नाही. सख्खा शेजारी असून मला एकदा मिळाला नव्हता. 'खेळणी' म्हणणाऱ्याला तर ते फाटकापर्यंत पोचवायला येतात आणि फाटक लावून घेतात.

नागपूरबाहेरच्या वाडी भागातल्या एका ट्रान्सपोर्ट गोदामात ते सुपरवायझर आहेत. ट्रकमधून काय उतरलं, काय चढलं, यावर दिवसभर ओरडायचं हे त्यांचं काम. घरी आले की आवाज एकदम खाली, कारण घरात पलटण उभी. सव्वा वीत उंचीचे सैनिक, खऱ्या कापडाची वर्दी, कमरेला पट्टा, पायात बूट. कोपरं, गुडघे, मनगटं सगळी वळतात. काही कुरिअरनं मागवलेले, काही भंगारवाल्याकडून सोडवून आणलेले. 'सोडवून' हा त्यांचाच शब्द. प्रत्येकाला हुद्दा आहे, गाव आहे. एका नायकाला मूळव्याध आहे, म्हणून त्याला कधी बसवायचं नाही.

या सैन्याला भारी पडणारा शत्रू एकच, नागपूरचा उन्हाळा. नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ जाळणारे दिवस, लागला की प्लास्टिकचे गुडघे ढिले पडतात. सकाळी ताठ उभा केलेला सुभेदार दुपारपर्यंत शरण आलेला असतो. म्हणून घरातला एकुलता एक कूलर पलटणीच्या खोलीत, आणि माणसं बाहेर पंख्याखाली, डोक्यावर ओला टॉवेल घेऊन.

त्यांच्या पत्नी पंचफुलाबाईंनी हे वर्षानुवर्षं सोसलं. यंदा मात्र ऐन नवतप्यात त्यांचे थोरले भाऊ गोपाळराव कळमेश्वरहून आले. नागपुरातल्या सदर भागातल्या दवाखान्यात त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं, थंड जागी उताणं पडून राहा, वाकू नका, आणि शिंकायचं तर नावच काढू नका.

"कूलर आता दादाले," पंचफुलाबाई म्हणाल्या.

"अन् पलटण?"

"गच्चीवर टाका."

"अवं, या उन्हात? माणूस आहेस का कोण?"

"माणूसच आहो. म्हणून तं घाम येऊन राहिला मले. त्याईले येते का, विचारा बरं एखाद्याले!"

रुपरावांना प्रश्न अपमानाचा वाटला.

आता, कूलरचा वारा काही खोलीभर फिरत नाही. तो एका पट्ट्यात सरळ जातो आणि त्या पट्ट्यासाठी नागपुरात भावाभावांची भांडणं होतात. पट्ट्यात बरोब्बर खाट, खाटेवर गोपाळराव. रुपराव दारात उभे राहून बराच वेळ मेहुण्याकडे बघत राहिले. काळा चष्मा, छातीपर्यंत मातकट चादर, मधोमध ऐसपैस पोट. बघता बघता त्यांना मेहुणा दिसेनासा झाला आणि डोंगर दिसू लागला.

"गोपाळराव, तुमाले तसंही हलाचं नाहीच ना?"

"नाही ना जवाई. काहून?"

"मंग जवान ठेवू का अंगावर? हलके हायेत."

गोपाळराव पडून पडून इतके कंटाळले होते की त्यांनी हत्तीलाही हो म्हटलं असतं. "ठेवा. पन मले पद कोनतं?"

"तुमी डोंगर."

"बरं. डोंगराले नाव तं द्या काही."

असा गोपाळगड स्थापन झाला. गुडघ्यांवर टेहळणी, पायांच्या खिंडीत दारूगोळा, पोटावर मुख्य चौकी. मी समाचाराला गेलो आणि "बरं आहे ना?" विचारलं, तर ओठ न हलवता उत्तर आलं, "हळू बोला. मी हाललो तं उजवी तुकडी जाते."

पंचफुलाबाईंनी नवऱ्याला एकच ताकीद दिली. "दादाच्या डोळ्याले काही झालं ना, तं एकेकाचं मुंडकं पिरगाळीन. तुमच्यापासून सुरू करीन."

रविवारी त्यांनी भावासाठी मटणाचा बेत केला. भिवापुरी मिरच्या तव्यावर पडल्या. स्वयंपाकघराची खिडकी आणि कूलरची खिडकी शेजारी-शेजारी. कूलरनं तो सगळा ठसका आत ओढला, मस्त गार केला आणि थेट गोपाळगडावर सोडला.

डोंगराचं नाक फुरफुरलं. पोट वर चढू लागलं. चौकीवरचा कॅप्टन डुलला. भंगारातून रुपरावांनी सगळ्यात आधी सोडवलेला तो हाच. स्टुलावर बसलेल्या रुपरावांच्या एका हाताला कॅप्टन होता, दुसऱ्या हाताला मेहुण्याचं नाक.

रुपरावांनी स्वतःच्या सैन्यावर उडी घेतली. गुडघे दारूगोळ्यावर, छाती मुख्य चौकीवर आणि बोट मेहुण्याच्या नाकाखाली गच्च. "गिळा! गोपाळराव, गिळा शिंक!"

शिंक गिळली गेली. पलटण मात्र सगळी खाली. फरशीवर हात, पाय, बूट, टोप.

पंचफुलाबाई झारा घेऊनच धावत आल्या. चष्मा वर करून भावाचा डोळा पाहिला, पुन्हा पाहिला. ठीक होता. मग फरशी पाहिली. मग नवरा पाहिला. रुपराव अजून मेहुण्यावरच आडवे होते. उठलं तर खाली बघावं लागणार होतं.

"उठा आता. दादाचा जीव कोंडून राहिला."

बाईंनी गॅस बंद केला, फरशीवर बसकण मारली, सगळे अवयव ओच्यात गोळा केले आणि स्वतः जवान जोडायला घेतले. सांध्यांची माहिती नव्हती. हात बसेल तिथे, पाय मिळेल त्याचा. कॅप्टनला दोन्ही हात डावे आले. एकाचे गुडघे मागच्या बाजूला वाकू लागले.

रुपराव शेजारी मांडी घालून बसले होते.

"कसे बसवले?" बाईंनी विचारलं.

रुपरावांनी कॅप्टनकडे पाहिलं. "बेस," ते म्हणाले. "असेच पाह्यजे होते."

"मंग!" पंचफुलाबाई खुशीत म्हणाल्या, आणि पुढच्या जवानाची मान त्यांनी कटकन बसवली, तोंड पाठीकडे करून.