तीन बोटं

दुपारचं जेवण झालंय. मालन शेंडगे पडवीत सतरंजीवर पालथी पडून फॉर्म भरतेय. गावची आशाताई ती. तिशीपुढच्या प्रत्येकाचं तोंड टॉर्च लावून तपासायचं आणि फॉर्म उद्या सकाळी आरोग्य केंद्रात पोचवायचे, असा हुकूम आहे. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा: नाही. पंधरा दिवसांत न भरलेली जखम: नाही. तोंड उघडायला त्रास: नाही. अक्षर कसं मोत्यासारखं! साहेब मीटिंगमध्ये तिचे फॉर्म उचलून इतर आशांना दाखवतात.

आणि तोंडं? एकही बघितलेलं नाही. टॉर्च पिशवीत तसाच पडलाय, सेलमधली कागदाची पट्टीसुद्धा ओढलेली नाही.

आळशी म्हणावं तर मालन आळशी नाही. बाळंतपणातलं रक्त तिला चालतं, पोरांचं हगमूत चालतं. तोंड मात्र नको. मिश्रीनं काळवंडलेले दात, गालात धरलेली तंबाखूची गोळी, तो आंबूस वास. ट्रेनिंगला डॉक्टरांनी शिकवलं होतं, रुग्णाच्या तोंडात त्याची स्वतःची तीन बोटं उभी जायला हवीत. त्याला जमत नसेल तर मोजे घालून आपली घाला. मालनला त्या दिवशी जेवण गेलं नाही. किळस आली तिला, दुसरं काही नाही. आणि किळस लपवायला ‘नाही’ हा शब्द फार सोयीचा.

आता दीपालीचा फॉर्म आलाय. दोन घरं पलीकडची, गजराआक्कांची सून. गेल्या आठवड्यात उंबऱ्यात उभी राहून, तोंडावर पदर धरून ती म्हणाली होती, “ताई, तोंड आलंय. आमटी लई झोंबती.” मालननं तीन हातांवरून पिवळ्या गोळ्यांची पट्टी पुढं केली होती. “गर्मी हाय. ताक पी.” झाली तपासणी.

पेन ‘ना’ पर्यंत येतं. शेजारच्या गिरणीचा पट्टा फटक फटक करतोय, मग हळू होतो, मग लांब जातो. मालनची मान फॉर्मवर टेकते.

ती शाळेच्या हॉलमध्ये आहे. शिबिर चाललंय. पुढाऱ्यांच्या हसऱ्या चेहऱ्यांचा फ्लेक्स भिंतभर लावलाय, त्यात कॅन्सर हा शब्द कोपऱ्यात अंग चोरून बसलाय. कुणीतरी एका म्हातारीच्या तोंडासमोर बंद टॉर्च धरून फोटो काढून घेतंय. फोटो झाला की म्हातारीला चिवड्याची पुडी मिळते आणि तिला उठवलं जातं. पुढची म्हातारी, पुढची पुडी. फोटोतला हात कुणाचा, ते मालनला बघायचं नाही. हातात तिच्याच बांगड्या आहेत.

रांगेच्या शेवटी प्लास्टिकच्या खुर्चीत गजराआक्का बसल्यात. त्यांना जाऊन अकरा महिने झाले, हे मालनला ठाऊक आहे. तरी ती विचारते, “आक्का, जेवलासा?”

“कशानं जेवू?” तोंडावरचा पदर न काढता आक्का म्हणतात. “बस की. लांब का हुबी ऱ्हायलीस? तुझं तीन हात मोजूनच हुबी हायस अजून.”

मालन बसते, ती चुलीपुढं. हॉल कुठं गेला कळत नाही. आक्का तव्यावर तंबाखू भाजतायत. धूर डोळ्यांत जातोय. काळी झालेली तंबाखू त्या पालथ्या वाटीनं चुरतात. शेजारी दीपाली बसलीय, नवी नवरी, हळद अजून ओली. आक्का चिमूटभर मिश्री तिच्या तळहातावर घालतात.

“घे गं. दातदुखी जाती.”

“आक्का, तिला नका देऊ!” मालन म्हणते.

“तवा न्हाय बोललीस? हितंच बसली हुतीस की. तूबी च्या पीत हुतीस.”

खरं आहे. पीत होती. चहात वेलदोडा होता, तेसुद्धा आठवतंय.

मालन खाली बघते. चूल नाही, फरशी आहे. मोठ्या दवाखान्याचा लांबलचक बोळ. बाकावर माणसं दाटीवाटीनं बसलीत, आणि सगळ्यांच्या तोंडावर पदर, उपरणं, रुमाल. सडल्याचा वास येतोय. पांढरा कोट घातलेला कुणीतरी न थांबता चालत म्हणतो, “उशीर केलात. फार उशीर केलात.” त्याचा आवाज पोपटासारखा एकसुरी आहे. इतक्यांदा म्हणालाय की आता त्याला त्याचं काही वाटत नाही. मालनला त्याचीही किळस येते.

“मी उशीर केला व्हय गं?” आक्का विचारतात. “भाकरी झोंबती म्हणून तुझ्याकडंच आली हुती पयल्यांदा. तवा केवढं हुतं, ठावं हाय? ज्वारीच्या दाण्याएवढं. जिभंला लागायचं. म्हणलं, मालन, बघ की जरा. तू काय केलंस?”

“गोळ्या दिल्या.”

“पिवळ्या. गोड लागायच्या वरनं. चार महिनं खाल्ल्या मी त्या. आशा शिकल्याली हाय, ती कशाला खोटं सांगंल?”

शेवटी मालन भेटायला गेली होती, तेव्हा आक्कांच्या गालाला भोक पडलं होतं आणि पाजलेलं पाणी तिथून बाहेर येत होतं. मालन दारातूनच परतली होती. नाकाला पदर लावून. घरी येऊन ओकली होती. सगळ्या गावाला तिनं सांगितलं, मला बघवलं नाही, फार जीव होता माझा. जीव कसला! घाण वाटली होती.

“मला तुमची किळस आली, आक्का,” ती म्हणते. तोंडातून निघून गेल्यावर तिला हलकं वाटतं आणि स्वतःची शिसारीही येते.

“आली आसंल की. मलाबी माझी यायची.” आक्का पदर काढतात. “पर तुला त्यासाठनंच नेमलंय न्हवं? आता बघ. घाल बोटं.”

“मोजे न्हाईत.”

“माझ्यासाठनं आता कशाला मोजे? घाल!”

टॉर्च मालनच्या हातात आहे आणि पेटलाय. आक्का तोंड उघडतात. जिवंतपणी शेवटी ज्यात चमचा जात नव्हता, ते तोंड आता विहिरीएवढं उघडतं. वरचा पुढचा दात नाही. म्हशीच्या शिंगानं पडलेला तो, पंचवीस वर्षांपूर्वी. गालाच्या आत उजेड पडतो. तिथं जखम नाही. तिथं निळ्या पेनानं, मोत्यासारख्या अक्षरात लिहिलंय: नाही. त्याच्याखाली नाही. जिभेखाली नाही. टाळूपर्यंत ओळीनं नाही, नाही, नाही, आणि शाईला वास येतोय. मालन बोटांनी पुसायला जाते. शाई फिसकटते, निघत नाही. सगळ्यांत खालची ओळ अर्धीच आहे. नुसता ‘ना’.

“ती पुरी करणार हायस काय?” आक्का विचारतात. तीन बोटं तोंडात असताना त्या कशा बोलतात, कोण जाणे.

आणि कडकडून चावतात.

मालन ओरडत उठते. गिरणी चालू आहे. सव्वातीन झालेत. गालाखाली दीपालीचा फॉर्म ओला झालाय आणि ‘ना’ फिसकटलाय. उजव्या हाताची मधली तीन बोटं ठणकतायत. त्यांवर दातांचे वळ आहेत, लालभडक. झोपेत आपणच चावलो असू, ती स्वतःला समजावते. मग बोटं नीट बघते. वरच्या वळांत मधोमध एका दाताची जागा मोकळी आहे.

मालन जिभेनं स्वतःचे पुढचे दात चाचपते. सगळे जागेवर आहेत.

ती टॉर्चच्या सेलमधली पट्टी ओढून काढते, मोज्यांचं पाकीट फोडते आणि चपला न घालताच दोन घरं ओलांडते.

दीपाली अंगणात शेंगा फोडत बसलीय. मालनला बघून तिचा पदर आपोआप तोंडावर जातो.

“गोळ्या संपल्या ताई. अजून हायत्या का?”

“गोळ्या न्हाईत. तोंड उघाड.”

“नगं. वास येतोय, ताई. मला लाज वाटती.”

“येऊ दे. उघाड म्हणलं ना!”

वास येतोच. मालन तोंड फिरवत नाही. मोजा चढवून एक बोट घालते, दुसरं घालते. तिसरं जरा अडतं, मग जातं. उजव्या गालाच्या आत, जिथं मिश्री धरायची सवय, तिथं पांढरा चट्टा आहे. ज्वारीच्या दाण्याएवढा.

“काय हाय?” दीपालीचे डोळे भरतात. “आत्यांगत?”

“साधंबी आसंल. पर ते मी ठरवायचं न्हाय, डॉक्टरनं ठरवायचं. साडेचारची एसटी हाय. साडी बदल. मी येती संगं.”

मालन मोजा ओढून काढते. दीपाली उठता उठता तिच्या बोटांवरच्या वळांकडं बघते आणि थांबते. वाकून परत बघते. सासूच्या त्या पडलेल्या दातापायी चौदा वर्षं भाकरीचा पापुद्रा काढून, मऊ भाग दुधात कुस्करून ताटात वाढलाय तिनं.

“ताई,” ती हळूच विचारते, “आत्या आल्त्या व्हय?”

मालन हात लपवत नाही.