सलीमचाचांनी वाचलेलं पत्रक

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. उलट बुवाबाजीविरुद्ध पत्रकं काढणारी माणसं आम्ही. हे वाचून जुने साथी माझी टर उडवणार, हे गृहीत धरूनच लिहितेय.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. भिवंडीत धामणकर नाक्याजवळच्या एका खोलीत आम्ही तिघं-चौघं सायक्लोस्टाइल यंत्रावर लूम कामगारांचं पत्रक काढायचो, निम्मं मराठी, निम्मं हिंदी. पण नुसतं छापून काय होणार? बहुतेकांना वाचता यायचं नाही. निजामपुऱ्यातल्या एका यंत्रमागाच्या कारखान्यात सलीमचाचा ते वाचून दाखवायचे. जुने कामगार, आवाज खणखणीत. लूम चालू असताना शेजारच्याचंही ऐकू येत नाही, त्यामुळे वाचन लाइट गेल्यावरच. लाइट गेली की मालक शिव्या घालायचा... आणि आमचं पत्रक सुरू व्हायचं.

मग चाचांना घशाचा कॅन्सर झाला. ठाण्याला ऑपरेशन झालं आणि आवाज कायमचा गेला. मला फार वाईट वाटलं होतं.

त्याच सुमारास त्या कारखान्यातल्या माळ्याच्या खांबाला मोठी भेग पडलेली मी पाहिली. माळ्यावर सुताचा ढीग, खाली कामगार झोपायचे. मालक दाद देईना. माळ्याखाली झोपू नका, अशी बातमी मी लिहिली आणि छापण्याआधी, दुपारी, हॉस्पिटलात चाचांना वाचून दाखवली. माझ्याबरोबर तेही ओठ हलवत होते. शेवटी त्यांनी तसंच, ओठांनीच, स्वतःचं एक वाक्य जोडलं — "रमजान को हाथ पकड़ के हटाना, उसको सुनाई नहीं देता." लूमच्या आवाजात कामगार एरवीही असंच ओठांनी बोलतात, त्यामुळे मला कळलं. त्याच कारखान्यातल्या रमजानभाईंचे कान त्या खडखडाटात केव्हाच गेले होते.

संध्याकाळी छापलेलं पत्रक घेऊन मी कारखान्यात गेले, तर सगळ्यांची अंथरुणं आधीच बाहेर.

"दुपारला लाइट गेल्ती ना ताई," वडपे गावचा कामगार पांडू म्हणाला. "चाचा वाचून गेला."

"चाचा? अरे, ते ठाण्याला आहेत. मी त्यांच्यापाशीच बसले होते."

"अंधारात दिसला न्हाय. पन आवाज त्याचाच व्हता. रमजानला हात धरून हटवा, बोलला."

ते वाक्य पत्रकात नव्हतं. मी ते कुणालाही सांगितलं नव्हतं.

त्याच रात्री माळा कोसळला. खाली कोणी नव्हतं.

भेग कामगारांनाही दिसली असेल, आवाजाचा भास झाला असेल... मी स्वतःची अशीच समजूत घालत होते. दुसऱ्या दिवशी रमजानभाई भेटले. मी खुणेनं विचारलं, तुम्हाला हात धरून कोणी हटवलं?

"किसी ने नहीं, बेटी," ते म्हणाले. "मैं तो सबसे पहले उठा. सलीम पढ़ रहा था ना... मैंने सुना."

याचा उलगडा मला आजतागायत झालेला नाही. रमजानभाईंना त्यानंतर पुन्हा कधीच काही ऐकू आलं नाही.